कोरा रकाना

वंशावळ जुळवूं पाहणारास पहिली निराशा येते ती सूचीपाशीं. गांव आहे, सन आहे, बापाचें नांव आहे. बालकाच्या नांवाचा रकाना मात्र कोरा! परंतु कोरा रकाना म्हणजे माणूस नव्हतें, असें नव्हे. जन्माची नोंद पुष्कळदां बारशापूर्वींच होते. १९६९ च्या नोंदणी कायद्यांतही नांव मागाहून भरण्याची सोय आहे. तहसील कचेरींतील जुनीं कोतवाल बुकें मोडींत आहेत. सूची करणारास अक्षर लागलें नाहीं कीं जागा रिकामी राहते. म्हणून मूळ पान पाहावें, बापाच्या नांवावरून शोधावें. पहिलें मूल बहुधा आईच्या माहेरीं जन्मे. तेव्हां आजोळच्या गांवचें दप्तरही चाळावें.

अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतांत माझ्या पणजीच्या जागीं नुसती रेघ होती. श्राद्धांत माता, पितामही यांच्यामागून प्रपितामहीचा नामोच्चार करावयाचा. तेथें मी दरवर्षीं अडखळत असें. अखेर नाशिकास तीर्थोपाध्यायांच्या वहींत, मूळ गांव व आडनांव यांवरून पणजोबांचा लेख निघाला. त्यांतच पणजीचें नांव होतें. त्या भाद्रपदांत मी तें प्रथमच उच्चारिलें.

जें सांपडत नाहीं तें कल्पनेनें भरूं नये. जागा कोरीच ठेवावी. मात्र घरांतील वडील बायकांस आजच विचारावें, आणि त्यांचीं माहेरचीं व सासरचीं दोन्ही नांवें लिहून ठेवावीं. पुढील पिढीचा तेवढा रकाना तरी कोरा राहूं नये.