विश्लेषण : जुना फ्लॅट दुरुस्त करून भाड्याने द्यायचाय? कंत्राटदाराच्या कामात पैसे कुठे अडकतात?

पुणे, ठाणे, डोंबिवलीत वीस-पंचवीस वर्षे जुन्या इमारतीतला फ्लॅट नव्या प्रकल्पापेक्षा स्वस्तात घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि भाड्याने द्यायचा, हा अनेक नोकरदारांचा गुंतवणुकीचा मार्ग आहे. खरेदीच्या वेळी वकील असतो, बँक असते, नोंदणीकृत दस्त असतो. त्यानंतरचे पाच-सहा लाखांचे काम मात्र बऱ्याचदा व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका कोटेशनवर सुरू होते.

भाड्याचे गणित काय सांगते?

समजा, फ्लॅट आहे तसा दिला तर 20 हजार भाडे येते आणि 6 लाख खर्चून नीट केला तर 25 हजार. खर्च 24 महिन्यांत वसूल होईल, असे मालक सांगतो. पण 20 हजार तर तसेही मिळणार होते. दुरुस्तीची कमाई महिन्याला फक्त 5 हजार. म्हणजे 6 लाख वसूल व्हायला 120 महिने, पूर्ण दहा वर्षे लागतील. त्यात काम दोन महिने लांबले तर 50 हजारांचे भाडे बुडाले आणि सोसायटीचा मेंटेनन्स व कर्जाचा हप्ता सुरूच. म्हणून भाड्याच्या घरात पैसा आधी गळती, वायरिंग, नळ आणि संडास-बाथरूमवर जायला हवा. फॉल्स सीलिंगसाठी भाडेकरू क्वचितच जादा मोजतो.

चौरस फूट नेमका कशाचा?

वादाची सुरुवात बहुधा इथे होते. रंगाचा दर भिंतीच्या क्षेत्रफळावर असतो, जमिनीच्या नव्हे. 10 बाय 12 फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली जमिनीवर 120 चौरस फूट भरते. पण चार भिंती 418 आणि छत 120 मिळून रंगाचे माप होते 538 चौरस फूट, म्हणजे 5.38 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट). एक दरवाजा आणि एक खिडकी वजा केली तर साधारण 40 चौरस फूट कमी होतात. ती वजा करायची की नाही, हे आधी ठरलेले नसेल तर शेवटच्या बिलावर हमखास भांडण होते. सुतारकामात अनेक जण कपाटाच्या फक्त दर्शनी भागाचे माप धरतात, तर काही जण आतले कप्पेही मोजतात.

दर ‘लेबर’चा आहे की ‘विथ मटेरियल’, हेही लिहून घ्यावे. मटेरियलसह असेल तर ‘चांगला प्लाय’ या शब्दाला काही अर्थ नाही. जाडी आणि प्रत लिहावी. पाण्याजवळ, म्हणजे ओट्याखाली, बाजारात ‘मरीन’ म्हणून ओळखला जाणारा आयएस 710 प्रतीचा प्लाय लावतात; कोरड्या जागी आयएस 303 चालतो. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो आणि वर सनमायका चढल्यावर आत काय आहे ते दिसत नाही.

अॅडव्हान्स किती द्यायचा?

लहान कंत्राटदाराचे भांडवल फिरते असते. एका साइटच्या अॅडव्हान्समधून दुसऱ्या साइटच्या कारागिरांची मजुरी निघते. अर्धी रक्कम आधीच हाती पडली की तुमची साइट मागे पडते. त्यामागे लबाडीच असते असे नाही, त्याची ओढाताणही असते. अर्धे काम झाल्यावर टाइल बदलणारे आणि शेवटचा हप्ता महिनोन्महिने लटकवणारे मालकही कमी नाहीत. त्यामुळे टप्पे दोघांच्याही सोयीचे असतात : तोडफोड, प्लंबिंग-वायरिंग, टाइल, सुतारकाम, रंग. दिलेला पैसा झालेल्या कामाच्या फार पुढे जाऊ नये आणि 5-10 टक्के रक्कम काम वापरून पाहीपर्यंत राखून ठेवावी. ‘एक्स्ट्रा’ काम सुरू होण्यापूर्वी त्याचा दर मेसेजवर पक्का करावा. वेळापत्रक ठरवताना होळी, दिवाळी, छठ लक्षात घ्यावे. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे कारागीर गावी गेले की काम आठवडेच्या आठवडे थांबते.

टाइल बसण्याआधी काय पाहावे?

बाथरूमचा संक स्लॅब उघडून वॉटरप्रूफिंग झाले की त्यात 24 ते 48 तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते का ते पाहावे. ही चाचणी टाइलनंतर करून फारसा उपयोग नाही. कारण गळती निघालीच, तर सगळे पुन्हा फोडावे लागते. भिंत बुजवण्यापूर्वी पाइप आणि वायरचे फोटो काढून ठेवावेत. पुढे ड्रिल मारताना ते उपयोगी पडतात. दिव्यांना 1.5, साध्या पॉवर पॉइंटला 2.5 आणि एसी-गीझरला सहसा 4 चौरस मिलिमीटरची वायर लागते. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. शॉकपासून जीव वाचवणारे हे उपकरण काटकसरीच्या यादीत सर्वात आधी का जाते, हे कोडेच आहे.

भिंत पाडता येते का?

घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली आणि 17 जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. ‘ही साधी भिंत आहे’ हे कंत्राटदाराच्या तोंडी सांगण्यावर मानू नये. जुन्या इमारतीत ती भार पेलणारी असू शकते. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी, हातोडा नंतर.

काम बिघडले तर ‘रेरा’कडे जाता येते का?

नाही. बांधकामातील दोषांसाठीची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते, दुरुस्तीच्या कंत्राटदारावर नाही. सदोष सेवेसाठी दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. मात्र गुंतवणुकीच्या फ्लॅटमध्ये ‘हा व्यावसायिक हेतू आहे’ असा आक्षेप समोरून येऊ शकतो. अशा वेळी हातात सहीचे कोटेशन आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद नसेल तर बाजू लंगडी पडते.

बिल घेतले नाही तर काय बिघडते?

‘बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील,’ ही ऑफर सगळ्यांना परिचित आहे. भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के प्रमाणित वजावट प्रत्यक्ष खर्च कितीही असला तरी मिळते, त्यामुळे तिथे बिलाने फरक पडत नाही. फरक पडतो तो फ्लॅट विकताना. घरात केलेली भांडवली स्वरूपाची सुधारणा मूळ खर्चात मिळवून भांडवली नफा कमी दाखवता येतो आणि त्यासाठी बिले लागतात. रंगरंगोटीसारखी नेहमीची डागडुजी मात्र त्यात सहसा धरली जात नाही.