लाखाचं नाणं, मनाचा खेळ

माता वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ सालचं पाच रुपयांचं नाणं ऑनलाइन बाजारात कुणीतरी लाखांना विकायला काढतं. जुन्या नाण्यांच्या दुकानात ते किरकोळ दरात मिळतं. मग असा अवाच्या सवा भाव कशासाठी?

मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. आकड्यांचं चाक फिरवून त्यांनी लोकांना विचारलं, ‘संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के?’ चाक १० वर थांबलेल्या गटाचा मधला अंदाज २५ होता, ६५ वर थांबलेल्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्याने अंदाज ओढून नेला. लाखाचा भाव पाहिला की दहा हजारही स्वस्त वाटतात, ते यामुळेच.

प्रत्येक विक्रेता लबाड असतो असं नाही. स्वतःच्या वस्तूचं मोल माणसाला जास्तच वाटतं.

म्हणून मागितलेला भाव बाजूला ठेवा, झालेले सौदे पाहा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात. अनेक लिलावगृहंही निकाल जाहीर करतात. तुलना करताना साल, टांकसाळीची खूण (मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा) आणि झीज सारखी हवी. आपला आकडा आधीच ठरवा, नम्रपणे सांगा. जमलं नाही तर सोडून द्या.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी शुल्क किंवा कमिशन मागितलं, तर ती फसवणूकच. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, असं बँकेने २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे.