बदलापुराहून शिल्पालयापर्यंत

शिल्पकार : सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (1926–2021). गणेशमूर्ती घडविणाऱ्या कल्याणच्या घराण्यातून आलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतलेल्या या कलावंताने व्यक्तिशिल्प हेच आपले जीवितकार्य मानले.

प्रमुख कृती : दिल्लीत चांदणी चौकातील महात्मा गांधींचा पुतळा; मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (अनावरण 26 जानेवारी 1961).

शिल्पालय : डोंबिवलीतील हे दालन म्हणजे साठे यांच्या शिल्पांचा संग्रह. बदलापूरहून लोकलने अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली आणि मग डोंबिवली.

घडण आणि कोरीव काम : ब्राँझच्या पुतळ्यासाठी प्रथम लोखंडी सांगाड्यावर माती थापून, बोटांनी आणि कोरणीने चेहऱ्याची एकेक सुरकुती बसविली जाते, तीवरून प्लास्टरचा साचा, साच्यातून मेणाची प्रतिकृती, आणि मेण वितळून गेलेल्या पोकळीत धातूचा रस, असा हा दीर्घ क्रम असल्याने मातीत राहिलेला अंगठ्याचा ठसाही धातूत उतरू शकतो. पाषाणात मात्र केवळ वजाबाकी. उडालेली कपची परत बसत नाही.

वाटेवरचा पूर्वज : अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, शिलालेखातील काळ शके 982, म्हणजे इ. स. 1060. भूमिज शैली, गर्भगृह मंडपाच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावे लागते. बाह्य भिंतींवरील मूर्ती तिरप्या उन्हात विशेष स्पष्ट दिसतात.