‘मी इंजिनिअर आहे’च्या पुढचं फ्रेंच

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली, त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५मध्ये तिचं रीतसर उद्घाटन झालं. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे भावी अधिकारी इथे एकत्र घडतात. कवायत, गणित, इतिहास यांच्या जोडीला ते परकीय भाषाही शिकतात. अरबी, चिनी, रशियन यांच्याबरोबर तिथे फ्रेंचही आहे. शहराकडे वळलं तर रानडे इन्स्टिट्यूट आहे, आलियाँस फ्राँसेज आहे आणि गुण चांगले पडतात म्हणून अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलंमुली आहेत. या सगळ्या वर्गांत सुरुवातीलाच एक धडा येतो, व्यवसायांचा. मी विद्यार्थी आहे, ती डॉक्टर आहे, ते इंजिनिअर आहेत. नावं पाठ होतात, परीक्षेत लिहिली जातात आणि कामाचा विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असं, की विषय खरा सुरू होतो तो तिथून पुढे. हुद्दा सांगता येणं वेगळं आणि कामाविषयी बोलता येणं वेगळं. पुण्याला आज गरज आहे ती दुसऱ्या गोष्टीची.

ही गरज जुनी आहे. प्रबोधिनीच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पहिलं परमवीर चक्र मिळालं, ते कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या एलिझाबेथव्हिल शहरात, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, लढताना कामी आले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून ते तिथे गेले होते. काँगो बेल्जियमच्या ताब्यातून १९६०मध्ये सुटला, पण राज्यकारभाराची भाषा फ्रेंचच राहिली आणि आजही आहे. या शतकातही भारतीय पलटणींनी त्या देशाच्या पूर्व भागात, गोमा शहराच्या परिसरात, वर्षानुवर्षं शांतिसेनेचं काम केलं. शांतिसैनिकाच्या कामाचा मोठा भाग बोलण्याचा असतो. नाक्यावरच्या पोलिसाला विचारायचं, गावच्या प्रशासकाकडून माहिती घ्यायची, दवाखान्यातल्या परिचारिकेला कशाची टंचाई आहे ते समजून घ्यायचं. तिथे ‘मी सैनिक आहे’ हे सांगायची गरज गणवेशामुळेच संपलेली असते. विचारावं लागतं ते हे: तुमचा वरिष्ठ कोण, रात्रपाळीला कोण असतं, पगार वेळेवर मिळतो का, हा रस्ता कधीपासून बंद आहे. ही सगळी कामाची भाषा आहे आणि व्यवसायांच्या यादीत ती सापडत नाही.

फौजेतच थोडं थांबू, कारण कामाच्या जागचं नातं भाषेत किती खोल मुरलेलं असतं ते इथे लख्ख दिसतं. फ्रेंच भूदलात पुरुष अधिकाऱ्याला हाक मारताना हुद्द्याआधी ‘मों’ लावतात: मों लियतनाँ, मों कापितेन. स्त्री अधिकारी असेल तर ‘मों’ गळतो आणि नुसता हुद्दा उरतो. नौदलात तर तो पुरुषांनाही लावत नाहीत. तिन्ही दलं जिथे एकत्र शिकतात आणि ३० मे २०२५ रोजी जिथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या संस्थेत हा तपशील केवळ शोभेचा नाही. संयुक्त सरावात फ्रेंच अधिकाऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या तरुणीला स्वतःला काय म्हटलं जाईल आणि समोरच्याला आपण काय म्हणायचं, हे ठाऊक हवं. स्त्रियांच्या हुद्द्यांचा वाद फ्रान्समध्ये अनेक दशकं चालला. एके काळी ‘ला जेनेराल’ म्हणजे सेनापतीची बायको असाच अर्थ होई. फ्रेंच अकादमीने व्यवसायांची स्त्रीलिंगी रूपं मान्य केली ती थेट २८ फेब्रुवारी २०१९ रोजी. बोलणारे लोक मात्र त्याच्या फार आधी पुढे निघून गेले होते.

आता नागरी नोकऱ्यांकडे पाहू. फ्रेंच माणूस कामाविषयी बोलायला लागला की चार-दोन वाक्यांत रजा, कराराचा प्रकार आणि कामाचे तास यांच्यावर येतो. त्याच्या बोलण्यात ‘सेदेई’ येतो, म्हणजे मुदत नसलेला, कायम नोकरीचा करार; आणि ‘सेदेदे’ येतो, म्हणजे ठरावीक मुदतीचा. घर भाड्याने मिळणं, बँकेचं कर्ज मिळणं या गोष्टी यातला कोणता करार हातात आहे यावर बऱ्याच अंशी ठरतात. भरपगारी रजेचा हक्क १९३६च्या कायद्याने आला, तेव्हा ती दोन आठवड्यांची होती. १९८२पासून ती पाच आठवड्यांची आहे. १९९८ आणि २००० सालच्या कायद्यांनी आठवड्याचे कामाचे तास ३५ ठरवले. १ जानेवारी २०१७पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाची वेळ संपल्यावर फोन आणि ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. मालक आणि नोकर यांचे तंटे सोडवणारी ‘प्रुदोम’ नावाची न्यायमंडळं तर १८०६पासूनची आहेत, पहिलं लियाँ शहरातलं. हे संदर्भ ज्याला ठाऊक नाहीत, त्याला प्रत्येक शब्द कळूनही बोलणं कळणार नाही. उलट बाजूने, आपल्याकडे नव्या ओळखीतही सहज विचारला जाणारा ‘पगार किती?’ हा प्रश्न तिथे सहसा विचारत नाहीत. कोणता प्रश्न टाळायचा हेही कामाच्या भाषेतच मोडतं आणि तेही शिकवावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हल्ली फ्रेंच कंपन्यांतही इंग्रजी चालते. यात तथ्य आहे. कॅपजेमिनीसारख्या मूळच्या फ्रेंच कंपनीत पुण्यात बसून काम करणाऱ्या बहुतेकांचं इंग्रजीवर भागतं. माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्यावर सहा स्कॉर्पिन पाणबुड्या बांधल्या गेल्या. डिसेंबर २०१७मध्ये ‘कलवरी’ आणि जानेवारी २०२५मध्ये शेवटची ‘वागशीर’ नौदलात दाखल झाली. एवढं मोठं काम फ्रेंचवाचून अडलं असं कोणी म्हणणार नाही. पण बैठकीची भाषा म्हणजे कामाची सगळी भाषा नव्हे. फ्रान्समध्ये कामाच्या मेजावरच डबा उघडायला कामगार कायद्याचीच आडकाठी आहे, कोरोनाकाळात २०२१मध्ये ती तात्पुरती सैल करावी लागली होती. दुपारचं जेवण तिथे मेज सोडून, सहकाऱ्यांबरोबर होतं. कोणता प्रकल्प रखडला, कोणाची बदली होणार, साहेब खरे का चिडले, हे त्या तासाभरात कळतं आणि ते फ्रेंचमध्ये कळतं. शिवाय सगळं फ्रेंच जग फ्रान्समध्ये नाही. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९७७च्या भाषा सनदेने फ्रेंचमध्ये काम करण्याचा हक्क कामगारांना दिला आहे आणि २०२२च्या कायद्याने ती सनद आणखी कडक झाली. स्थलांतराचे गुण वाढावेत म्हणून आज अनेक जण फ्रेंचची परीक्षा देतात. माँट्रियलच्या कारखान्यात किंवा रुग्णालयात उभं राहिल्यावर त्यांना कळतं, की गुणपत्रिकेने विमानतळापर्यंत पोचवलं, पाळी बदलून मागायची भाषा मात्र कोणी शिकवली नव्हती.

दुसरा आक्षेप अनुवाद करणाऱ्या यंत्रांचा. करारनामा वाचायला ती उपयोगी आहेत, जरूर वापरावीत. पण सहकाऱ्याला ‘व्हू’ म्हणायचं की ‘त्यू’, आणि ‘व्हू’वरून ‘त्यू’वर यायचं कधी, हा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही. सहसा वडीलधारा किंवा वरिष्ठ माणूस तसं सुचवतो, मग धाकट्याने बदलायचं. इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे आणि आपण ती वापरत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तू आणि तुम्ही यांतलं अंतर आपल्याला लहानपणापासून कळतं. सासऱ्यांना, साहेबांना, नव्या शेजाऱ्याला काय म्हणायचं हे कोणी व्याकरणातून शिकवत नाही. ‘मी इंजिनिअर आहे’ या मराठी वाक्यात एक किंवा अमुक असं उपपद नसतं, तसंच ते फ्रेंच वाक्यातही नसतं: ज्य स्वी आंजेन्यर. पुण्यातली मुलं मध्ये ‘अं’ घालून चुकतात, कारण फ्रेंच त्यांच्यापर्यंत इंग्रजीतून येतं. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं हे इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. मराठी मूल तो दगड आणि ती खुर्ची म्हणतच वाढलेलं असतं. कामाचं फ्रेंच मराठीच्या आधाराने शिकवलं तर पहिल्या काही आठवड्यांचा वेळ वाचेल.

वेळ वाचणं महत्त्वाचं आहे, कारण तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचाच आहे. पहाटेपासून कवायत आणि खेळ करून वर्गात आलेल्या कॅडेटला भाषेसाठी मोजकेच तास मिळतात. बारावीच्या मुलांवर प्रवेशपरीक्षांचं ओझं असतं. नवशिक्यांना कामगार कायदे कसे शिकवणार, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण मी भर घालायला सांगत नाही, बदली करायला सांगते आहे. न्हावी, बेकरीवाला, अग्निशामक दलाचा जवान अशी तीस-चाळीस नावं पाठ करण्यात जे तास जातात, त्यांत स्वतःच्या कामाची क्रियापदं शिकता येतात: सुरू करणे, संपवणे, बदलून घेणे, कळवणे, परवानगी मागणे, नकार देणे, उशीर झाल्याचं सांगणे. ही क्रियापदं सैनिकाला, परिचारिकेला आणि संगणक अभियंत्याला सारखीच लागतात. त्यांच्याभोवती रजेचा अर्ज, पाळीचा तक्ता, पगाराची चिठ्ठी असे खरे कागद ठेवले, की फ्रेंच कामाचं जग पहिल्या पातळीवरही वर्गात येऊ शकतं. परीक्षा त्याच राहतील, गुणही पडतील.

म्हणून फ्रेंचच्या वर्गात नाव घालणाऱ्यांना एकच सांगणं आहे. व्यवसायांचा धडा आला, की शिक्षकांकडे आग्रह धरा: माझ्या कामाचा एक पूर्ण दिवस, सकाळी हजेरी लावण्यापासून संध्याकाळी निघण्यापर्यंत, मला फ्रेंचमध्ये सांगायला शिकवा, आणि समोरच्याला त्याच्या दिवसाबद्दल विचारायलाही शिकवा.