गणवेशातील गृहस्थ

वऱ्हाडातील मोर्शीच्या यात्रेत वा निवडणुकीत बंदोबस्ताला उभा असणारा खाकी गणवेशातील मनुष्य पोलीसच असावा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो पुष्कळदा होमगार्ड, म्हणजे एरवी संत्र्याच्या बागेत राबणारा किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा गृहस्थ असतो.

दंगलींनी ग्रासलेल्या मुंबई इलाख्यात ६ डिसेंबर १९४६ रोजी, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, ही संघटना उभी राहिली. पण वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हते, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४७ साली आपला स्वतंत्र होमगार्ड कायदा केला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही! १९६२ च्या चीन युद्धानंतर देशभर या दलाची पुनर्रचना झाली, ती युद्धकाळात पिछाडी सांभाळणारे शिस्तबद्ध हात हवेत म्हणून.

याहून सैन्याच्या निकट आहे ती प्रादेशिक सेना. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन होऊन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या सेनेत शिरण्यासाठी उपजीविकेचे अन्य साधन असणे ही अटच आहे, आणि मला तीच सर्वांत मार्मिक वाटते. कारण खडे सैन्य बारमाही पोसण्याचा खर्च वाचवून संकटसमयी प्रशिक्षित मनुष्यबळ मिळवण्याची फिन्लंड, स्वित्झर्लंडसारख्या राष्ट्रांनी सक्तीच्या सेवेतून साधलेली किमया येथे स्वेच्छेवर सोपवलेली आहे.

पुन्हा होमगार्डकडे वळायचे, तर त्यात शिरण्यासाठी महाराष्ट्रात दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि वय २० ते ५० असावे लागते. भरतीची जाहिरात जिल्हा समादेशकांच्या कार्यालयातून निघते.