आज माझा उपास आहे!

आमच्या वस्तीत बायकांचे उपास फार. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी वेगळीच. बचत गटाच्या निमित्ताने बरीच वर्षं जाते-येते, त्यामुळे कोणीचा कोणता वार हे मला साधारण ठाऊक असतं. पण महिन्याची वीस तारीख उलटली की ज्यांचा वारच नाही त्यांचेही उपास सुरू होतात! डबे तळाला गेलेले, पगार पुढच्या सात-आठ तारखेला. मग नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात कमी पडू नये म्हणून घरातली एक जण म्हणते, "मला नको, आज उपास आहे." देवाचं नाव घेतलं की पुढे कोणी विचारत नाही. खरा उपास असता तर खिचडी, भगर, दाण्याची आमटी तरी पोटात गेली असती. 'एकादशी दुप्पट खाशी' असं उगीच नाही म्हणत. या उपासाला मात्र नुसता चहा.

चहा भूक मारतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. घरून निघताना एक, मग प्रत्येक कामावर एकेक. दुपारी तीनपर्यंत चार-पाच कप सहज होतात. साखरेने घटकाभर तरतरी येते, रिकाम्या पोटी आग पडते, आणि नंतर जे काही खाल्लं जातं त्यातलं लोह जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे नीट अंगी लागत नाही.

गटातलीच एक जण. नाव सांगत नाही. चार घरच्या पोळ्या, धुणीभांडी करायची. मुलगी बारावीला, क्लासची फी डोक्यावर. हिने डबा बंद केला. हिशेब चोख होता : भाजीपोळी आणि मधला वडापाव धरून दिवसाचे चाळीस रुपये, महिन्याचे हजार. मी हटकलं तर म्हणाली, "ताई, पोटाला सवय होते हो."

सवय कसली होते? यकृतात साठलेली साखर काही तास पुरते. ती सरली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. काम तेवढंच, पोटात अन्न मात्र कमी. आणि ज्या मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांनी तर हा प्रकार मुळीच करू नये. गोळी पोटात आणि जेवण नाही, तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, कधी बेशुद्धीसुद्धा!

दीड वर्ष तिने असं काढलं. धाप, पायात गोळे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी एका सोसायटीच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. बाईचं निदान १२ तरी हवं. दीड वर्षात तिने अठरा हजारांच्या आसपास वाचवले होते. सहा आठवड्यांचा बुडालेला पगार, एक्स-रे, औषधं यांनी त्यातले निम्म्याहून जास्त खाल्ले. वर दोन कामं सुटली ती सुटलीच. फीचा शेवटचा हप्ता गटाच्या कर्जातून भरला.

ही एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. सगळ्याच काही जेवण चुकवणाऱ्या नसतील, पण शेवटी जेवणाऱ्या आणि उरलंसुरलं खाणाऱ्या किती असतील, हे आपल्याच स्वयंपाकघरात बघावं.

जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. तेव्हा भाकरीला टोटा पडू नये. अडतं ते डाळ, तेल, भाजी आणि गॅसपाशी. शिवाय सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून इथे चढवायचं राहून जातं, म्हणजे घरात पाच माणसं आणि धान्य चौघांचं. गेल्या वर्षी आम्ही गटातल्या अशा सुनांचे अर्ज भरून दिले. कंटाळवाणं काम, पण पदरात पडतं.

दुसरं म्हणजे शेंगदाणे आणि फुटाणे घाऊक आणून गटात वाटून घेतो. मूठभर दाणे, फुटाणे, गुळाचा खडा, एवढं पर्समध्ये असलं तर दोन कामांच्या मध्ये उभ्याउभ्या खाता येतं. सकाळी निघताना चहाऐवजी भाकरी-चटणी, वर लिंबू पिळलेली पालेभाजी असेल तर उत्तम. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फक्त त्या चहाबरोबर गिळायच्या नाहीत.

तिला डॉक्टरांनी लोहाची इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.६ झालंय. डबा पुन्हा सुरू केलाय. मुलगीच भरून देते, आणि संध्याकाळी रिकामा झालाय का ते झाकण उघडून बघते. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.