आरामखुर्ची

पांढुर्णा आणि सौंसर भागातील जुन्या घरांच्या ओसरीवर एखादी आरामखुर्ची बहुधा असेच. तिचे दोन प्रकार आमच्या परिचयाचे आहेत. पहिला प्रकार भारदस्त: सागवानी चौकट, वेताने विणलेली बैठक व पाठ, आणि पाय पसरून टेकता येतील इतके लांब हात. ही खुर्ची मालगुजारांच्या वाड्यांत, डाकबंगल्यांत व रेल्वेच्या प्रतीक्षागृहांत असे. दुसरा प्रकार साधा: एकमेकींत अडकणाऱ्या लाकडी चौकटी आणि त्यांवर झोळीसारखे सोडलेले जाड कापड. ही खुर्ची शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांच्या घरी असे आणि काम संपले की घडी करून भिंतीशी उभी राही. लहानपणी आम्ही या दोन्ही खुर्च्यांवर पुष्कळ खेळलो. परंतु त्यांत बसले असता शीण का जातो, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. तो प्रस्तुत लेखात विचारून पाहू.

ताठ बसलेल्या माणसाच्या धडाचा बहुतेक भार पाठीच्या कण्याच्या खालच्या भागावर पडतो, आणि शरीर तोलून धरण्यासाठी पाठीच्या स्नायूंना सतत राबावे लागते. पाठ मागे कलली की त्या भारातील काही अंश खुर्ची आपल्यावर घेते. पाय किंचित उंच ठेवले की मांड्यांच्या मागील भागावरचा दाबही उणा होतो. कापडाची खुर्ची याहून एक पाऊल पुढे जाते. कापड शरीराप्रमाणे आकार घेते. त्यामुळे भार एकाच ठिकाणी न साचता सर्वत्र विभागला जातो. मागचा आडवा दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवावा आणि आपल्यास हवा तेवढा कल साधावा. तात्पर्य, विसावा हा केवळ मऊपणातून येत नाही. शरीराचा भार कोठे व कसा टेकवावा, या विचारातून तो येतो.

हाच विचार अगदी निराळ्या द्रव्यांतून साकार करणारी एक खुर्ची अमेरिकेत १९५६ साली प्रसिद्धीस आली. आमच्या भागाच्या इतिहासातही ते वर्ष लक्षात राहण्याजोगे आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील आमची मराठी गावे नव्या मध्य प्रदेशात राहिली. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात समाविष्ट झाले.

या खुर्चीचे कर्ते चार्ल्स ईम्स आणि त्यांच्या पत्नी रे ईम्स हे होत. चार्ल्स वास्तुविद्येचे अभ्यासक, तर रे चित्रकार. १९४१ साली विवाह झाल्यावर ते लॉस एंजेलिस येथे राहावयास गेले आणि तेथील भाड्याच्या घरातच त्यांनी प्लायवुड वाकविण्याचे प्रयोग आरंभिले. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली फळी. एका पापुद्र्याच्या रेषा उभ्या, तर त्यावरच्या पापुद्र्याच्या आडव्या, अशी त्यांची मांडणी असते. म्हणून ही फळी पातळ असूनही सहसा तडकत नाही. हे पापुद्रे सरस लावून साच्यावर दाबले व उष्णता दिली, की ते साच्याचा आकार धारण करतात. ईम्स दांपत्याने त्यासाठी घरीच एक यंत्र तयार केले होते. त्यातील रबरी पिशवी सायकलच्या पंपाने फुगवून ते पापुद्रे साच्यावर दाबीत असत!

मात्र एक अडचण होती. लाकूड एका दिशेने वाकते, परंतु एकाच वेळी दोन दिशांनी वाकविले की फाटते. आमच्या भागातील संत्र्यांच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सहज पटेल. संत्र्याभोवती कागद गुंडाळून पाहा. कितीही जपले तरी त्यास चुण्या पडतात, आणि चुणी न पडू द्यावी तर कागद फाटतो. युद्धकाळात अमेरिकन नौदलासाठी जखमी सैनिकांच्या पायांना बांधावयाच्या प्लायवुडच्या पट्ट्या त्यांनी तयार केल्या. ताण पडेल तेथे फटी ठेवल्या की लाकूड दोन दिशांनीही वाकते, हे ज्ञान त्यांना त्या कामातून दृढ झाले. खुर्चीची बैठक व पाठ एकसंध करण्याचा प्रयत्न मात्र फसला. तेव्हा त्यांनी दोन्ही भाग वेगळे करून जोडले. अपयशातून निघालेली हीच वाट पुढे त्यांच्या कीर्तीस कारण झाली.

१९५६ च्या आरामखुर्चीत डोके, पाठ व बैठक यांसाठी प्लायवुडची तीन निरनिराळी कवचे आहेत. त्यांत चामड्याच्या गाद्या बसविल्या असून पाय ठेवण्यास वेगळे आसन आहे. बैठक मुळातच मागे कललेली असते व खुर्ची आपल्या दांड्याभोवती फिरते. कवचांना आधार देणारे जोड रबराचे असल्याने टेकताना खुर्ची किंचित लवते, आणि लाकडाच्या दर्शनी बाजूवर एकही स्क्रू दिसत नाही. चेंडूच्या खेळात वापरून वापरून मऊ झालेल्या चामडी हातमोज्यासारखे तिचे रूप असावे, अशी चार्ल्स यांची इच्छा होती. प्रथम तिच्यासाठी ब्राझीलचे शिसवी लाकूड वापरीत. हे झाड आपल्या शिसवीचे सगोत्र होय. ते दुर्मिळ होऊ लागल्यावर १९९० नंतरच्या दशकात त्याऐवजी अन्य लाकडे योजण्यात आली. हर्मन मिलर ही कंपनी ती खुर्ची अद्याप तयार करते आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही ती ठेवलेली आहे.

या दांपत्याचा भारताशी घनिष्ठ संबंध आला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी आपल्या देशात प्रवास केला व १९५८ साली एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी सर्वाधिक वाखाणणी कोणत्या वस्तूची करावी? आपल्या घरोघरी असलेल्या लोट्याची! हातात धरताना, डोक्यावर वा कमरेवर नेताना, पाणी ओतताना व घासताना तो कसा सोयीचा पडतो, याची त्यांनी बारकाईने चिकित्सा केली. आणि तो कोणा एकाने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या असंख्य हातांनी घडविला, असे प्रतिपादिले. या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. जगप्रसिद्ध खुर्ची घडविणाऱ्यांनी आमच्या तांब्यापुढे मान लवविली. आम्ही मात्र त्याकडे कधी निरखून पाहिले नव्हते.

अशा अनास्थेचे फळ चंदीगडने भोगले आहे. त्या नव्या नगरीच्या कार्यालयांसाठी व महाविद्यालयांसाठी वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली साग व वेत यांच्या साध्या खुर्च्या तयार झाल्या. कालांतराने त्या मोडकळीस आल्या म्हणून गच्च्यांवर टाकल्या गेल्या व भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. पुढे त्याच खुर्च्यांना परदेशी लिलावांत लक्षावधी रुपयांची बोली लागली, तेव्हा कोठे त्यांचे मोल आपल्यास कळले. आमच्या सातपुड्यातही साग आहे आणि गावोगावी कुशल सुतार आहेत. घरातील जुनी खुर्ची भंगारवाल्यास देण्यापूर्वी तिचे सांधे, तिच्या खाचा व तिचा कल एकदा निरखून पाहणे अगत्याचे आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आरामखुर्ची ही दीर्घकाळ मानाची जागा होती. मालगुजार तीत पहुडे आणि कुळे समोर जमिनीवर बसत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, परंतु खुर्चीचा मान घरात तसाच राहिला. ती आजोबांची, नंतर वडिलांची. पहाटेपासून राबणारी घरची स्त्री तीत टेकलेली आम्ही क्वचितच पाहिली. ईम्स यांची खुर्चीही या दोषातून सर्वस्वी मुक्त नाही. ती इतकी महाग आहे की सामान्य कुटुंबास ती घेता येत नाही. आणि ती घडविण्यात रे यांचा वाटा बरोबरीचा असूनही अनेक वर्षे लोक चार्ल्स यांचेच नाव घेत राहिले. या दृष्टीने आमची कापडाची खुर्चीच आम्हांस अधिक थोर वाटते. थोडे लाकूड, हातभर रुंदीचे कापड आणि सुताराची अक्कल, एवढ्या सामग्रीत ती कोणाही थकल्या देहास तोच विसावा देते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी अशी खुर्ची असेल तर सुटीच्या दिवशी ती बाहेर काढा. तिची उंची मोजा, पाठीचा कल पाहा, कापड विरले असेल तर बदलून घ्या. मग दुपारची भांडी आवरून झाली की आईला हाक मारा आणि तिला तीत बसवा. "मला कुठे वेळ आहे?" असे ती म्हणेल. तरीही बसवा.